हा फटका कुणाचा

केस धरून बाईला फरफटत न्यायचं असेल तर केस धरायचेच नाहीत, असं माझी आत्या सांगते. मारणाऱ्याने मूठ मिटून नुसती तिच्या डोक्यावर टेकवायची. ओढली जाणारी बाई ती मूठ दोन्ही हातांनी घट्ट पकडते आणि किंचाळत आपली आपणच पुढे सरकते. बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. त्याला वाटतं, हा राक्षस तिला खेचतोय. प्रत्यक्षात तीच त्याला खेचत असते.

आत्याने आयुष्यभर नाटकातल्या मारामाऱ्या बसवल्या. त्याआधी बरीच वर्षं त्या खाल्ल्या. नाटक कंपनीत ती आली तीच पडणारी बाई म्हणून. पहिल्या अंकात जिचा खून होतो ती मोलकरीण, जिन्यावरून ढकलली जाणारी सवत, आगीत सापडणारी शेजारीण. आजोबा लेकीचं काम बघायला हौसेने येत आणि मध्यंतरात घरी जात, कारण लेक तोवर मेलेली असे. तिचं अंग फळ्यांवर आदळलं की मागच्या रांगेतल्या माणसाच्याही काळजाचा ठोका चुके. त्यावरून कंपनीत तिचं नाव पडलं आपटबार. तोंडावर मात्र सगळे ताई म्हणत. लग्नाचं बोलणं करायला आलेल्या एका गृहस्थाने विचारलं, "आपण नाटकात नेमकं काय करता?" आत्या म्हणाली, "मरते." ते बोलणं तिथेच थांबलं.

तिला मरायला शिकवलं उस्तादांनी. कंपनीच्या मारामाऱ्या बसवणारे हे म्हातारे गृहस्थ. एका कानाची पाळी कधीतरी खऱ्या तलवारीने गेलेली. नवी मारामारी बसवायची झाली की ते हत्यारं आधी पेटीत बंद करत आणि सगळ्यांना रंगमंचावर मांडी घालून बसवत. मग एकेकाची उलटतपासणी. तू कोण? तुला काय हवंय? ते मिळण्याच्या आड कोण आलंय? कुठे उभा आहेस, आणि तिथे हाताशी काय आहे?

"उस्ताद, मारामारी करायचीय की परीक्षा द्यायचीय?" पडदेवाले काका वरच्या माळ्यावरून ओरडत.

"ज्याला उत्तर येत नाही तो मरतो," उस्ताद म्हणत. "आणि ज्याला येतं तो मारतो. खाली या, तुम्हालाही विचारतो."

पात्र, स्थळ, संघर्ष, कथानक, दृष्टिकोन, आशय असे गोष्टीचे घटक पुस्तकात स्वच्छ कप्प्यांत मांडलेले असतात. आत्याने ते अंगावर झेलून घेतले. स्थळ म्हणजे तिच्या लेखी हाताला सगळ्यात आधी लागणारी वस्तू: स्वयंपाकघरात सुरी, बैठकीत फुलदाणी, न्हाणीघरात नुसतं पाणी. "जागा बदल, खून बदलतो," ती म्हणे. दृष्टिकोन म्हणजे खुर्ची. प्रत्येक थप्पड ती नाट्यगृहाच्या कडेच्या खुर्च्यांवर बसून तपासायची. गाल आणि तळहात यांच्यातली फट कुठूनही दिसली की थप्पड पुन्हा बसवायची. कथानकाबद्दल तिचं मत सरळ होतं. मारामारीच्या आधी जे होतं तेच मारामारीनंतर उरत असेल, तर तो प्रसंग कापा, उगाच घाम गाळू नका. आणि आशय उस्ताद सगळ्यात शेवटी विचारत. रक्ताचा रंग पुसून झाला, हात धुऊन झाले की एकच प्रश्न: लोक घरी काय घेऊन जातील?

या सगळ्याखाली दोन नियम होते. फटका मारण्याआधी समोरच्याच्या नजरेला नजर द्यायची. नजर मिळाली नाही तर हात उचलायचा नाही. आणि मारामारी मार खाणारा चालवतो. गळा आवळला जातोय तोच ठरवणार, कधी सुरू आणि कधी बंद.

उस्ताद गेल्यावर हे काम आत्याकडे आलं. तिच्या हाताखाली कुणाला साधा ओरखडा उठला नाही, याचा तिला गर्व होता. बोलून दाखवत नसे, पण होता.

मग कंपनीने कुलूपवाल्याचं नाटक घेतलं. कुलपं बनवणारा एक माणूस, त्याची बायको, आणि बंद दार. बायकोला घराबाहेर पडायचंय. त्याला ती आत हवीय. शेवटच्या प्रवेशात ती चोरून बनवलेल्या किल्लीने दार उघडते आणि तो दाराशीच तिचा गळा दाबतो. कुलूपवाला होता मालकांचा भाचा. देखणा, गोड बोलणारा, तालमीला येताना आत्यासाठी स्वतः खुर्ची आणून ठेवणारा. बायकोचं काम करायची त्याची खरीच बायको. मालक तिला सूनबाई म्हणत, म्हणून अख्खी कंपनी सूनबाई म्हणायची. तिची ही पहिली मोठी भूमिका.

थप्पड, भिंतीवर ढकलणं, केस धरून दारापर्यंत फरफट, आणि गळा. आत्याने मन लावून बसवलं. प्रयोग सुरू झाले. लोक खुर्च्यांच्या कडेवर बसून बघत. एका बाईला घेरी आली, ती बातमी मालकांनी चार जणांना सांगितली.

एके दिवशी कपडेपटात आत्या सूनबाईच्या बाहीला टाचणी लावत होती. बाही वर सरकली. दंडावर आतल्या बाजूला चार बोटं आणि एक अंगठा, जांभळे पडलेले.

"हे माझ्या मारामारीत झालं?" आत्याने विचारलं.

"तालमीत लागलं असेल, ताई. चालायचंच."

आत्याच्या धंद्यात वळ म्हणजे अंतराची चूक. मारणारा हातभर पुढे आला, किंवा मार खाणारी अर्धा पाऊल उशिरा वळली. तिसरं कारण नसतं. म्हणून ती अंतराच्या मागे लागली. रंगमंचावर खडूने खुणा केल्या. बाह्यांच्या आत कापसाच्या पट्ट्या शिवल्या. भाच्याला मागे, आणखी मागे उभं केलं.

"ताई, आता पुढच्या गावाला जाऊन तिथून थप्पड मारतो," तो म्हणाला. सगळे हसले. सूनबाई सगळ्यांत मोठ्याने हसली.

वळ थांबले नाहीत. हनुवटीखाली, पाठीवर, एकदा पोटरीवर बुटाच्या टाचेचा गोल डाग. मालकांनी आत्याला बाजूला घेतलं. "ताई, राग मानू नका. पण रोज पोरगी निळी-काळी होऊन घरी जातेय. हात थरथरायला लागलेत का तुमचे? हंगाम संपेस्तोवर बघतो, नाहीतर दुसरा माणूस शोधावा लागेल मला."

ते तिला जिव्हारी लागलं. घरी ओट्याशी उभी राहून ती भिंतीला हळू थप्पड मारून बघे, वळून बघे, पुन्हा मारून बघे. दूध उतू जाई. एवढ्या वर्षांत आपल्या हातून कुणाला लागलं नाही, आणि आता ही कोवळी पोर रोज सोलून निघतेय. आपल्या चुकीने. तिने राजीनामा द्यायचंही मनात घोळवलं.

मधे विजेच्या तारा बदलायला नाट्यगृह आठवडाभर बंद राहिलं. प्रयोग नाही, तालीम नाही. आठवड्याने दारं उघडली, तेव्हा सूनबाई केस मोकळे सोडून आली. आत्याने सवयीने ते वर बांधायला घेतले. उजव्या कानाची पाळी खालून फाटली होती. कुणीतरी कानातलं ओढून काढलं होतं. रक्त वाळून केसांत चिकटलं होतं, आणि जबडा एका बाजूने सुजला होता.

"हे कशाने?"

"तालमीत ला..." सूनबाई बोलता बोलता थांबली.

"तालीम आजपासून आहे, अगं," आत्या म्हणाली.

आत्याने कोमट पाण्याने रक्त भिजवलं आणि एकेक केस सोडवला. कुलूपवाल्याला काय हवंय हे तिने भाच्याला शंभरदा विचारलं होतं. कुलूपवाल्याचा सदरा उतरवून घरी जाणाऱ्या माणसाला काय हवंय, हे कधीच विचारलं नव्हतं. त्याच दोन माणसांत दुसरी एक गोष्ट चालू होती, दुसऱ्या जागी, आणि आत्या त्या गोष्टीच्या खुणा या नाटकात शोधत बसली होती. फटका कुणाचा आहे, पात्राचा की माणसाचा, हा पहिला प्रश्नच विचारायचा राहून गेला होता.

"आधी झाकलं जाईल अशाच ठिकाणी मारायचा," सूनबाई म्हणाली, अगदी सपाट आवाजात. "हे नाटक आल्यापासून हात मोकळा झालाय त्याचा. म्हणतो, कुणी विचारलं तर ताईंचं नाव सांग."

आत्याने भांडं खाली ठेवलं. आपल्या मारामारीच्या आड उभं राहून तो मारत होता.

"मी आत्ता मालकांना सांगते."

"नका, ताई. मालक मामा आहेत त्याचे. उद्या नाटक बंद होईल आणि मी घरात कोंडली जाईन. मग कोण बघणार आहे?" ती खुर्चीत वळली. "दिवसभरात एवढी एकच वेळ आहे, जेव्हा तो हात उचलणार हे मला आधी माहीत असतं. इथे मी नजर दिल्याशिवाय त्याला मारता येत नाही. तुम्हीच शिकवलंत ना, चालवणारी मी म्हणून? ही वेळ काढून घेऊ नका माझ्याकडून."

"मग करणार काय आहेस?"

"बहीण खोली बघतेय तिच्या गावात. हंगामाचा शेवटचा प्रयोग झाला की इथूनच जाणार. घरी जाणारच नाही. तेवढं गप्प राहा."

आत्या गप्प राहिली. पण शेवटचा प्रवेश तिने नव्याने बसवला. भाच्याचे अंगठे गळ्यावरून काढून खाली, गळ्याखालच्या हाडावर आणले. सूनबाईची दोन बोटं त्याच्या मनगटांखाली सरकवली. भाचा मान हलवून, हसून, ती सांगेल तसं करत राहिला.

शेवटचा प्रयोग दुपारचा होता. दुसरा अंक संपला. विंगेत चहा आला. मालक खुशीत होते, एकही खुर्ची रिकामी नव्हती. कपातला चहा बशीत ओतत ते भाच्याला म्हणाले, "अरे, विसरलोच. सूनबाईच्या बहिणीचा फोन होता ऑफिसात. खोलीचं पक्कं झालं म्हणे, उद्या सकाळीच ये म्हणाली. कसली खोली रे?"

भाचा चहाचा घोट प्यायला. मग हसला. "हो, मला माहितीये," तो म्हणाला आणि कप बशीवर इतका हळू ठेवला की आवाज झाला नाही.

आत्या समोर उभी होती. सूनबाईला गाठायला ती धावली, पण घंटा झाली होती, पडदा वर गेला होता, आणि सूनबाई दिव्यांच्या उजेडात एकटी किल्ली घासत बसली होती.

"मालक, आज गळ्याचा प्रवेश कापा," आत्या परत येऊन म्हणाली. "दार उघडलं की पडदा टाका. हात जोडते."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? लोक त्याच्यासाठीच येतात!"

भाचा प्रवेशासाठी आत गेला. थप्पड नीट झाली. भिंतीवर ढकलणं नीट झालं. केसांच्या वेळी त्याने मूठ टेकवली नाही. केस बोटांना गुंडाळले आणि झटका दिला. सूनबाईचे पाय जमिनीवरून सुटले. वीतभर केस त्याच्या मुठीत आले आणि कपाळावरून रक्ताची रेघ उतरली. नाट्यगृहाने श्वास रोखला. मग त्याने गळा धरला. नजर दिली नाही. तो तिच्या डोक्यावरून पलीकडे दाराकडे बघत होता, आणि अंगठे हाडावर नव्हते.

गळा आवळण्याचा हा प्रसंग एरवी आवाजाने भरलेला असे. सूनबाई घोगरं ओरडायची, टाचा दारावर आपटायची, दारावरची कुलपं खणखणायची. गळा खरंच आवळला की माणूस ओरडत नाही, हे आत्याला उस्तादांनी सांगितलं होतं, पण ते तिने कधी प्रत्यक्ष अनुभवलं नव्हतं. आज ती शांतता तिला ऐकू आली. टाचा एकदा आपटल्या. नंतर फळीवर नुसत्या घासल्या. सूनबाईचे ओठ काळसर पडले आणि जीभ दातांच्या बाहेर आली.

"वा!" मालक आत्याच्या कानाशी पुटपुटले. "आज काय रंगलंय!"

आत्या आत शिरली. अंगात रोजचे कपडे, खांद्यावर टाचण्यांची उशी. त्या गोष्टीत तिच्यासाठी जागा नव्हती. कुलूपवाल्याच्या बाकावर कुलपं मांडलेली होती, खरी, लोखंडी, कारण पत्र्याच्या कुलपांना तसा आवाज येत नाही. तिने त्यातलं मोठं उचललं आणि भाच्याच्या मनगटावर हाणलं. आयुष्यात तिने मारलेला हा पहिला फटका. हाड मोडण्याचा आवाज ती वर्षानुवर्षं विंगेत लाकडाची पट्टी मोडून काढत आली होती. खरा आवाज तसा नव्हताच. ओला होता.

तो ओरडला. पण दुसरा हात सुटला नाही. तिने कोपरावर मारलं, मग खांद्यावर, मग बघितलंच नाही कुठे. हात सुटला. सूनबाई ओल्या कापडासारखी खाली घसरली. त्याने वळून आत्याच्या तोंडावर ठोसा मारला. इतकी वर्षं सफाईने पडणारी आत्या त्या वेळी नुसतीच कोसळली. भुवई बाकाच्या कोपऱ्यावर फुटली, डोळ्यात रक्त उतरलं.

आणि टाळ्या पडल्या. कडाडून. मागून कुणीतरी ओरडलं, "अजून एक दे भडव्याला!"

"पडदा!" मालक विंगेतून किंचाळले. "टाक पडदा!"

मारामारी चालू असेपर्यंत पडदेवाले काका फक्त ताईचं ऐकत. तशी रीत होती. दोरी हातात धरून ते माळ्यावरून वाकले. "ताई? टाकू?"

पडदा पडला असता तर आत उरला असता तो, त्याचा मामा आणि दोन बायका. बाहेर शेकडो डोळे बसले होते. ते काय बघतायत हे त्यांना कळलं नव्हतं, पण बघत होते.

"नको, काका," आत्या तोंडातलं रक्त थुंकून म्हणाली. "उघडा राहू दे."

सूनबाई दाराला धरून उठली. त्या दारापलीकडे विंग होती आणि विंगेत मालक. ती वळली, दिव्यांच्या पुढे आली. बोलायला गेली तर आवाजच फुटेना. पुन्हा प्रयत्न केला. "हे," ती म्हणाली, "नाटकातलं नाही."

पहिल्या रांगेने तेवढं ऐकलं. पहिल्या रांगेने दुसरीला सांगितलं. टाळ्या पुढून मागे विझत गेल्या, एकेक रांग करत, आणि शेवटी अगदी मागे एकटाच कुणीतरी वाजवत राहिला, मग तोही थांबला.

सूनबाई पुढच्या पायऱ्यांवरून प्रेक्षकांत उतरली.

"कुठे चाललीस?" भाचा अजून कुलूपवाल्याच्याच आवाजात ओरडला. "इकडे ये!"

आत्या गुडघ्यांवर सरकत पायऱ्यांच्या तोंडाशी आली आणि तिथे बसली. कुलूप अजून तिच्या हातात होतं. भाच्याने धड असलेला हात उगारला. मग त्याची नजर समोर गेली. तिथे एकूण एक चेहरा त्याच्याकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच त्यांतल्या कुणालाही पुढे काय होणार याची उत्सुकता नव्हती. तो हात तसाच खाली आला.

नंतर पोलीस आले. हा सगळा नाटकाचाच भाग होता, असं मालकांनी त्यांना सांगून पाहिलं. पहिल्या दोन रांगांनी ते चालू दिलं नाही. आत्याचं काम त्याच दिवशी गेलं. भुवईला टाके पडले. भाच्याला शिक्षा झाली, आत्याच्या मते थोडी. सूनबाईचा आवाज कायमचा खरखरीत झाला आणि पुढची काही वर्षं मागून कुणी हाक मारली की तिचा हात आधी गळ्याकडे जाई. हे सगळं नंतरचं.

त्या वेळी ती खुर्च्यांमधल्या वाटेने चालत होती. लोक गुडघे आखडून घेत होते, जणू तिचा धक्का लागेल. अर्ध्या वाटेवर तिचा तोल गेला. कडेच्या खुर्चीवरची एक बाई, कोण कुठली, मांडीवरची पिशवी नवऱ्याकडे देऊन उठली आणि तिने सूनबाईचं कोपर धरलं. "चल," ती म्हणाली, "मी आहे." प्रयोग चालू असताना दार उघडायचं नाही, अशी दारवानाला ताकीद होती. त्याने एकदा रंगमंचाकडे बघितलं, एकदा तिच्या गळ्याकडे. मग कडी काढली.

बाहेर लख्ख ऊन होतं. दोघी त्यात गेल्या.